चहाच्या कपावरचा मजूर



गरिबाचा घाम आता भेटवस्तू झालाय. डोक्याला दिवा बांधून खाणीत उतरलेला, कोळशानं काळाठिक्कर पडलेला माणूस चहाच्या कपावर छापून विकला जातोय. वाढदिवसाला द्यायला, दिवाणखान्यात मांडायला. १९११ साली लुइस हाइन यानं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या खाणींवर कोळशातला दगड निवडणाऱ्या पोरांचे फोटो काढले. ते काढले पोरांना त्या नरकातून सोडवण्यासाठी. जमेल तिथं पोराचं नाव, वय, काम टिपून ठेवलं. आज तेच फोटो शोभेच्या वस्तूंवर आहेत. नाव गेलं, वय गेलं. उरला नुसता चेहरा, गिऱ्हाइकाच्या चहाला चव आणायला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या खाणीचं मावळात काय? आहे. आपल्या डोक्यावरच आहे.

बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात फोडला गेला. १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. तेव्हा डायनामाइट जन्मलं नव्हतं. हातानं पहार मारायची, भोकात दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि पळायचं. पळता आलं नाही तो तिथंच. १८६१ साली या कामावर ४२,००० च्या वर माणसं होती. वडार, महार, मांग, पोटासाठी गाव सोडलेले कोण कोण, बायापोरांसकट. पटकीनं मेले, तापानं मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ साली आला आणि थोड्याच दिवसांत मेला. त्याचं नाव इतिहासात आहे. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट पुरं करून घेतलं, तिचंही आहे. असू द्या. पण त्याच मातीत मेलेल्या वडारणीचं नाव कुठाय?

बोरघाटाचे फोटो निघाले, पोस्टकार्डं निघाली. खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन साहेबांनी विलायतेला धाडलं. त्या कार्डांवर गाडी आहे, दरी आहे, कमानी आहेत. माणूस असलाच तर मुंगीएवढा, पुलाची उंची कळावी म्हणून. आज तीच चित्रं ‘जुन्या काळाची आठवण’ म्हणून विकतात. आठवण कुणाची? १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी याच घाटात मजूर उठले, दंगल झाली. १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. ही आठवण कुठल्या कपावर छापलीय?

आणि चिक्की? लोणावळ्यात सांगतात, रेल्वेच्या मजुरांना ताकद यावी म्हणून गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकायला सुरुवात झाली, तिचीच पुढं चिक्की झाली. खरं असेल तर तो खोका उघडून बघा. मजुराची भाकरी आत, मजूर बाहेर.

कुणी शहाणा म्हणेल, अरे, निदान चित्र तरी दिसतंय, नाहीतर तेही विसरले असते. बाबांनो, बघणं आणि ओळखणं यात फरक आहे. १९४३ च्या डिसेंबरात बाबासाहेब सरकारातले मजूरमंत्री होते. ते धनबादकडच्या कोळसाखाणीत स्वतः खाली उतरले. वरून फोटो बघून त्यांचं भागलं नाही. युद्धाच्या नावाखाली बायांना पुन्हा खाणीत उतरवलं होतं. ती बंदी १९४६ साली परत आली. बघणं याला म्हणतात. बघून बदलणं.

आणि नाव लिहायला जागा नव्हती, हे तर सांगूच नका. घाटमाथ्यापासून हाकेच्या अंतरावर कार्ल्याचं बुद्धलेणं आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या दगडात कोरलंय की धेनुकाकटच्या वेणुवासाचा मुलगा सामी, कामानं सुतार, यानं या घराचं तोंड घडवलं. राजाचं नाही, शेठाचं नाही, सुताराचं नाव! बापाच्या नावासकट! आणि इंग्रजांच्या २५ बोगद्यांची तोंडं कुणी घडवली? दगड मुका. मुंबईच्या व्हीटीच्या भिंतीवर मात्र लाटसाहेब, शेठ आणि रेल्वेचे कारभारी यांचे मुखवटे अजून रुबाबात बसलेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जो कोणी हे फोटो छापील, त्यानं त्याखाली काम, साल आणि मजुरांचा आकडा छापावा. नाव सापडलं तर नाव. खंडाळा आणि लोणावळा स्टेशनांवर ४२,००० मजुरांचा शिलालेख लागला पाहिजे, १८५९ च्या उठावासकट. सरकारी दप्तरातले हजेरीचे, मजुरीचे, मृत्यूचे कागद लोकांपुढं आले पाहिजेत.

आणि पोरांनो, एक काम तुमचं. खोपोली–कुसगाव रस्त्यासाठी याच डोंगरात आता सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा खोदला गेलाय. तो खोदणाऱ्यांची नावं आजच वहीत लिहा. गाव, वय, रोजचा पगार, सगळं लिहा. वस्तीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारा, कुणाचा आजा-पणजा घाटात होता. नाहीतर शंभर वर्षांनी हेही कुणाच्या तरी कपावर जातील, आणि चहा पिणारा म्हणेल, किती सुंदर फोटो!