गाडीतून दर्शन होतं, गाव दिसत नाही



दिवाळीत नात आली होती. सहलीत कुठल्याशा शहराचा जुना भाग ती नकाशा हातात घेऊन, गाईडशिवाय पायी फिरली होती. म्हणाली, "आजी, कोल्हापुरात असं फिरता येईल का गं?" मी पटकन म्हटलं, "इथं काय, अंबाबाई आणि रंकाळा." रात्री मात्र ते मनाला लागलं. एवढी वर्षं या गावात संसार केला आणि सांगायला दोनच नावं?

सकाळी कॅलेंडरच्या पानामागं मार्ग लिहिला आणि दोघी निघालो.

सुरुवात दसरा चौकातून. शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली सुरू झालेलं दिगंबर जैन बोर्डिंग इथलंच. कुंभोजचे भाऊराव पाटील शिकायला इथं राहिले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिथून टाऊन हॉलच्या बागेत जरा टेकलो. आतल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. मग शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठ, २८ फुटी आदिनाथ भगवान. दर्शन घेऊन गंगावेस, महाद्वार रोड, अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप आणि शेवटी बिंदू चौकातला जुना बुरूज. सगळं मिळून तीन-चार किलोमीटर.

मठात मी शेकडो वेळा गेले असेन, पण दारात रिक्षातून उतरून दारातच रिक्षात बसणारी. शुक्रवार वेशीजवळ इ.स. ११३५ चा शिलालेख मिळाला, हे वाचलं होतं. निंबदेवानं बाजारपेठेत पार्श्वनाथांचं मंदिर बांधलं आणि व्यापाऱ्यांनी आपल्या मालातून त्याला दान लावून दिलं, असं त्यात आहे. मी कॉमर्सची, म्हणून हे मला फार आवडतं. बाजार मंदिर चालवत होता! पण त्याचा अर्थ कळला तो त्याच गल्ल्यांतून, दुकानांना खेटून चालताना. आपला धर्म गावाबाहेर कधी नव्हता. तो पेठेत, चार लोकांच्या देवाणघेवाणीत उभा होता. गाडीतून फक्त दर्शन होतं, ही शेजारपणाची गोष्ट दिसत नाही.

अडचणी आहेतच. फूटपाथ नावालाच, महाद्वार रोडला गर्दी, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. गुडघे दुखतात. म्हणून काय घरी बसायचं? सकाळी लवकर निघावं, बाग आली की बसावं, दमलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी. मुनींना ईर्यासमिती सांगितली आहे, चार हात जमीन पाहून, जीव सांभाळून चालणं. आपण गृहस्थ, तेवढं नाही जमणार. पण निदान डोळे उघडे ठेवून चालावं.

मला वाटतं, हा कागद आपणच करावा. कुठली बस्ती कुणी सांभाळली, कुठल्या वाड्यात सासूबाई नांदल्या, हे तयार नकाशात येत नाही. आपल्या डोक्यात आहे आणि आपल्याबरोबर जाईल. सांगली, निपाणी, इचलकरंजी, जिथं असाल तिथं एक पान लिहा आणि नातीचा हात धरून एकदा तरी चाला.

माझं पान नात घेऊन गेली. मी दुसरं लिहायला घेतलंय, त्यात रंकाळाही आहे.