इंटर्नना आधी प्रशिक्षण द्या, सन्मान नंतर



पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट-पीजी’ परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलून इंटर्न डॉक्टरांना कोविड ड्युटीवर घेण्याचा केंद्र सरकारचा ३ मे २०२१ चा निर्णय आपण सर्वांनी वाचला. शंभर दिवसांची ड्युटी, मग पंतप्रधानांच्या नावाचा सन्मान आणि सरकारी भरतीत प्राधान्य, याचे कौतुकही झाले. वॉर्डात माणसे कमी पडताहेत, त्यामुळे इंटर्न बोलावू नका असे मी मुळीच म्हणणार नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी फोनवरून सल्ला द्यायचा आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवायचे, तर आधी त्यांना सगळे समजावून सांगावे, असे या निर्णयात म्हटले आहे. वॉर्डात उभे राहणाऱ्या इंटर्नसाठी मात्र ‘प्राध्यापकांच्या देखरेखीखाली’ एवढेच शब्द आहेत. फोनवर बोलायला तयारी लागते आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णाजवळ जायला लागत नाही, हे कुणी ठरवले?

मी निवृत्त परिसेविका आहे. सरकारी रुग्णालयांच्या मेडिसिन वॉर्डात माझा जन्म गेला. रात्री दोन वाजता प्राध्यापक वॉर्डात नसतात. रेसिडेंट असतो, पण तो दुसऱ्या वॉर्डात कुणाला तरी ट्यूब घालत असतो. अशा वेळी रुग्णाचे ऑक्सिजन सॅच्युरेशन घसरू लागले की इंटर्न सिस्टरच्या तोंडाकडे बघतो. साध्या मास्कवरून नॉन-रिब्रीदर मास्कवर कधी जायचे, त्याची पिशवी फुगलेली राहते की नाही हे बघायचे, रुग्णाला पालथे कसे झोपवायचे, हे त्या क्षणी शिकायचे नसते. नाशिकच्या रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकीतून गळती होऊन ऑक्सिजनचा दाब गेला आणि किमान २२ रुग्ण दगावले. उद्या दुसरीकडे दाब गेला, तर पहिले जम्बो सिलिंडर कुठल्या खाटेला लावायचे हे त्या मुलाला कुणी सांगून ठेवले आहे?

आता इंटर्नशिप सुरू करणारी तुकडी कुठली, तेही बघा. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. ती १ डिसेंबरपर्यंत सुरू करा, असे केंद्राने नोव्हेंबर संपता संपता सांगितले. अंतिम वर्षात रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकायचे महिने या मुलांनी घरी लॅपटॉपपुढे काढले. मेडिकल कौन्सिलने ऑगस्ट २०२० मध्ये महासाथीच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र पाठ्यघटक काढला, ते चांगलेच केले. पण तो २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात बसवलेला आहे. आज कामाला लागणारी मुले जुन्या अभ्यासक्रमाची. म्हणजे महासाथीचे शिक्षण एका तुकडीला आणि महासाथीची ड्युटी दुसऱ्याच तुकडीला.

आणि वर म्हणायचे, “डॉक्टर व्हायचे ठरवले ना, मग भीती कसली?” गेल्या आठवडाभरात हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकले, की शेवटी हे पत्र लिहायला बसले. माझी भाची एका शासकीय महाविद्यालयात इंटर्न आहे. पीपीई किट कसे चढवायचे ते तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकून घेतले. उतरवायचे कसे, हे तिला कुणी करून दाखवले नाही. संसर्गाचा मोठा धोका उतरवतानाच असतो. सहा तास घामाने निथळलेला माणूस घाईत मास्कच्या पुढच्या भागाला हात लावतो आणि तोच हात डोळ्याला जातो. घरी मधुमेह असलेले वडील आहेत, म्हणून ती रात्र रात्र झोपत नाही. तिला ड्युटी नको आहे का? तिने एकही चुकवलेली नाही. तिची भीती ती शिकवलेल्या कामाला घाबरते म्हणून नाही, न शिकवलेले काम अंगावर आले म्हणून आहे. मृत्यूची बातमी नातेवाइकांना फोनवर कळवण्याचे कामही याच मुलांकडे येते. त्याचे दोन शब्द तरी कुणी शिकवले आहेत का?

पैशांचेही बोलायलाच हवे. मुंबई महापालिकेने कोविड ड्युटीसाठी आपल्या इंटर्नना महिना ५०,००० रुपये दिले. राज्याच्या शासकीय महाविद्यालयांत तेच काम तेव्हा ११,००० रुपयांत होत होते. विषाणू मुंबईत वेगळा आणि लातूर-अकोल्यात वेगळा आहे का? ड्युटीनंतर वेगळे राहायला खोली नाही, म्हणून मुले जेवायला, झोपायला घरच्या म्हाताऱ्या माणसांत परततात. सन्मानपत्र देणाऱ्यांनी आधी या खोल्या द्याव्यात.

फार मोठे मागणे नाही. वॉर्डात सोडण्याआधी तीन दिवस द्या. पहिला दिवस किट चढवण्या-उतरवण्याचा, आणि समोर कुणीतरी चुका दाखवायला उभे हवे. दुसरा ऑक्सिजनचा. तिसरा दिवस अनुभवी सिस्टरबरोबर पूर्ण पाळी करण्याचा. शिकवायला प्राध्यापकांना वेळ नसेल, तर माझ्यासारख्या निवृत्त परिसेविका जिल्ह्याजिल्ह्यात बसून आहेत, आम्हाला बोलवा. पहिल्या पंधरवड्यात कुणालाही एकट्याने रात्रपाळी देऊ नका.

पहिली लाट आली तेव्हापासून हे तीन दिवस काढायला सरकारला वर्षभर मिळाले होते. ज्या आदेशात ड्युटीचे शंभर दिवस मोजून लिहिले आहेत, त्याच आदेशात प्रशिक्षणाचे तासही मोजून लिहा, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय एकाही इंटर्नचे नाव ड्युटीच्या तक्त्यावर चढवू नका.

– एक निवृत्त परिसेविका, सातारा