हवा अंदाजानं नको, मीटरनं भरा

आज पिकाचं नाही, टायरचं बोलू.

लातूरच्या आडतीत सोयाबीनची आर्द्रता मीटरवर बघितल्याशिवाय आपण भाव मान्य करत नाही. गाडीच्या टायरला मात्र लाथ मारून "बरी हाय हवा" म्हणतो. हे काही पटत नाही.

"गाडी लई आदळायली" म्हणून बरेच जण हवा कमी करतात. ही सवय ट्रॅक्टरची. काळ्या रानात कमी हवेचा टायर जास्त पसरतो, घसरण कमी होते, जमीनही कमी दबते. तिथं ते बरोबर. पण कार ८०-१०० च्या वेगानं पळते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूनं मुडपतो, तापतो अन् मे महिन्यात नांदेड-नागपूर रस्त्यावर फुटतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाला समृद्धी महामार्गावर टायर तपासणी सुरू करावी लागली, ती उगाच नाही.

उलट "४० मार" म्हणणारेही चूकच. टायर दगडासारखा होतो, गाडी उडते, टायर मधोमध झिजतो. कमी हवेचा दोन्ही कडांना झिजतो. झीज बघितली तरी रोग कळतो.

बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेला असतो. पाच माणसं अन् डिकीत पोती असतील तर त्यासाठीचा वेगळा आकडाही बहुतेक तिथंच असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. पळून तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. पंधरा दिवसाला एकदा बघा, स्टेपनीसकट. पंपावर हवा फुकट असते.

नवा टायर घेताना दिखाऊ मोठ्या अलॉयच्या नादी लागू नका. १९५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर अन् बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२७. तिथं २०५/५० आर १७ बसवला की उंची १०२ वर येते. बाहेरून चाक तेवढंच दिसतं, पण दणका झेलणारं रबर अन् हवा कमी झाली. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्याला कंपनीचं मापच बरं. जाड गोट्यांचा टायर चिखलात चालतो, डांबरीवर आवाज करतो.

टायरवरचे चार आकडेही वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख बघता, तशी हीपण बघा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदला.

माझं मत सरळ आहे: गावातल्या प्रत्येक गटानं एक हवेचा मीटर घ्यावा. काहीशे रुपयांत येतो.

तुमच्या दारावर कोणता आकडा आहे? आज बघा अन् खाली लिहा.