रूळ आधी, इंजिन मागून



बडोदे म्हटले की आगगाडीच्या प्रवाशास तेथील मोठे जंक्शनच आठवते. परंतु त्याच शहरात प्रतापनगर नावाचे दुसरे एक स्थानक आहे. जुने लोक त्यास गोयागेट म्हणत. डभोई, बोडेली, छोटाउदेपूर या बाजूचा खेडूत शहरात येई तो येथेच उतरे. या स्थानकाची कुळकथा आज सांगावीशी वाटते. कारण तीत आपल्या घरसंसारास उपयोगी पडणारा एक धडा आहे.

मुंबईच्या बाजूचा मोठा लोहमार्ग १८६१ साली बडोद्यास पोहोचला. त्यावेळी गादीवर खंडेराव महाराज गायकवाड होते. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलुखास या मार्गाशी जोडावे, असे त्यांनी मनात घेतले व १८६२ साली डभोईपासून मियागामपर्यंत वीस मैलांचा लोहमार्ग तयार झाला. डभोई मराठी माणसास अपरिचित नाही. १७३१ साली बाजीराव पेशवे व सेनापती दाभाडे यांची लढाई याच परिसरात झाली. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमध्ये साडेपाच फुटांचे अंतर असते. येथे ते अवघे अडीच फूट ठेवले. हिंदुस्थानातील हा पहिला अरुंद लोहमार्ग होय.

गंमत अशी की या रुळांवरून डबे ओढीत ते बैल! पुढच्याच वर्षी, १८६३ साली, विलायतेतील नील्सन कंपनीने या मार्गाकरिता इंजिन तयार केले. परंतु रूळ होते यार्डाला केवळ १३ पौंड वजनाचे. आजच्या मोठ्या मार्गावरील रूळ मीटरला ६० किलो भरतो. त्याच्या मानाने हा नवव्या हिश्शाइतकाही नव्हे. इंजिनाचा भार त्यास सोसवेना. तेव्हा बैलच पुन्हा पुढे झाले. १८७३ साली अधिक भक्कम रूळ घातले गेले, आणि इंजिने नित्यनेमाने धावू लागली ती १८८० च्या सुमारास.

पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत मार्गास फाटे फुटले. डभोईहून पाच दिशांना गाड्या जाऊ लागल्या. त्यांपैकी एक गोयागेटास आली व तेथून विश्वामित्री स्थानकापाशी मोठ्या मार्गास भेटली. भेटली खरी, पण मिसळू शकली नाही. लहान डबा मोठ्या रुळावर चढत नाही. म्हणून अशा संगमावर दोन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवावे लागतात, आणि एका डब्यातील प्रत्येक गाठोडे उतरवून दुसऱ्यात भरावे लागते. मार्ग बांधताना झालेली बचत पुढे कितीतरी वर्षे हमालाच्या पाठीवरून वसूल होत राहिली.

संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले; १९५१ पासून हा मार्ग पश्चिम रेल्वेकडे आहे. गेल्या काही वर्षांत येथील अरुंद रूळ उखडून रुंद रूळ घालण्यात आले. काम चालू असता गाड्या बंद राहिल्या व गावकऱ्यांस दुसरे वाहन शोधावे लागले. १७ जानेवारी २०२१ रोजी चांदोदवरून केवडियापर्यंतचा नवा रुंद मार्ग खुला झाला. आता प्रतापनगरातून लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. गाठोडे मध्ये उतरवावे लागत नाही.

वाचकहो, खंडेरावांच्या त्या इंजिनाचा विचार करा. इंजिन खोटे नव्हते, कच्चे होते ते खालचे रूळ. विहिरीस पाणी लागले नसता कर्ज काढून पंप आणणारा शेतकरी, ऐपत नसता लग्नात मांडव सजविणारा बाप, हे सारे इंजिन आधी आणतात आणि रुळांचा विचार मागून करतात. मग हप्ते फेडता फेडता घर खचते.

परंतु या कथेची दुसरी बाजूही विसरू नये. इंजिन चालेना म्हणून तो मार्ग ओस पडला नाही. रूळ भक्कम होईतो दहा वर्षांहून अधिक काळ बैलांनी गाडी ओढली आणि माल ठिकाणी पोहोचला. शेजाऱ्याच्या दारात इंजिन उभे असेल. आपल्या दारात आज बैल असला तर त्यात लाज कसली? गाडी चालू ठेवावी, आणि दरवर्षी थोडे थोडे रूळ बदलीत जावे.