एक चॉकलेट आणि एक शेरा

गेल्या महिन्यात रात्री ताईचा फोन. भाच्याच्या शाळेत पोरांची एक 'टेस्ट' घेतली म्हणे. पुढ्यात चॉकलेट ठेवायचं, 'मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन' असं सांगून बाईंनी बाहेर जायचं. आमच्या साडेचार वर्षांच्या पठ्ठ्यानं बाईंची पाठ वळताच ते तोंडात टाकलं. प्रगतिपुस्तकात शेरा आला : 'सेल्फ कंट्रोल कमी. पालकांनी लक्ष द्यावे.' ताई रडवेली झाली होती. मी चिडलो, आणि अजून चिडलेलोच आहे.

हा प्रयोग तुम्ही रीलमध्ये पाहिला असेलच. थांबणारी पोरं पुढे यशस्वी, न थांबणारी वाया. मागे ढॅणढॅण संगीत. मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा, १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये सुरू झालेला. म्हणजे बरीचशी मुलं विद्यापीठातल्याच लोकांची. १९९०च्या गाजलेल्या पाठपुराव्यात ज्या गटात थांबण्याचा आणि सॅटच्या गुणांचा ठळक संबंध दिसला, त्यातल्या फक्त ३५ मुलांचे गुण हाती होते. पस्तीस! आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत आरतीला याहून जास्त पोरं असतात. संशोधकांनी स्वतः सबुरीचा इशारा दिला होता. तो रीलमध्ये कशाला येईल?

२०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली. संबंध निघाला, पण मूळच्या जेमतेम निम्मा. घरची परिस्थिती, मुलाची आधीची बौद्धिक तयारी वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळून गेला.

पण माझं खरं भांडण आकड्यांशी नाहीच. मानसशास्त्रात 'वैधता' म्हणतात ती साधी गोष्ट आहे : जे मोजतोय असं तुम्ही म्हणता, तेच मोजलं जातंय का? वजनकाटा रोज तोच आकडा दाखवेल, म्हणून त्यावर उंची मोजता येत नाही. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हेच विचारलं. २८ मुलं. निम्म्यांना आधी 'छान रंग आणून देते' सांगून खरंच आणून दिले. उरलेल्यांना 'सॉरी, नाहीयेत' म्हटलं. मग मार्शमॅलो. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली तीन मिनिटं. तेच वय, तीच मिठाई. मग पाटीवर 'संयम' लिहून आपण मोजत काय होतो? समोरच्या मोठ्या माणसावरचा भरवसाच ना?

कुणी म्हणेल, संयम नावाचं काही नसतंच का? असतं की. पण ते एका चॉकलेटवर, एका दुपारी, अनोळखी बाईंच्या शब्दावर ठरवून चार वर्षांच्या पोराच्या कागदावर शाईनं लिहायचं, हा आगाऊपणा आहे. शास्त्राचं नाव घेऊन केलेला, म्हणून जास्तच.

रविवारी मी भाच्याला विचारलं, का रे थांबला नाहीस?

"मामा, बाबा पण नंतर देतो म्हणतात."

भावोजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. ताईनं ते वाक्य जसंच्या तसं शाळेला लिहून पाठवलंय. उत्तर आलेलं नाही, शेराही तसाच आहे.