मॉन्टिसेलोचे फिरते दार

व्हर्जिनियातले मॉन्टिसेलो पाहून आलेले काही लोक, त्यात आपले मराठीही आले, नाराज असतात. घर बघायला गेलो, तर गाइडने गुलामगिरीचेच पुराण लावले! स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनचे घर. तिथे वास्तुकलेबद्दल सांगावे, बाकीचे पुस्तकांत आहेच.

मला हे साफ अमान्य आहे. त्या वास्तूतच गुलामगिरी बांधलेली आहे. जेवणघराच्या एका दाराला मागच्या अंगाने फळ्या आहेत. बाहेरून त्यांवर पदार्थ मांडायचे, दार फिरवले की जेवण आत. शेकोटीच्या दोन्ही कडांना लपवलेल्या पेट्यांतून तळघरातली वाइन वर यायची. पाहुण्यांना अन्न दिसावे, ते आणणारा गुलाम शक्यतो दिसू नये, अशी ही रचना. आज त्या माणसांची नावे गाळली, तर तेच दार आपण पुन्हा फिरवतो.

‘त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका.’ ठीक, त्याच काळाची लावू. गुलामांच्या व्यापाराचा निषेध जाहीरनाम्याच्या मसुद्यात खुद्द जेफरसननेच लिहिला होता. काँग्रेसने तो गाळला. त्याच व्हर्जिनियातल्या रॉबर्ट कार्टरने १७९१ साली साडेचारशेहून अधिक गुलामांच्या मुक्ततेचा दस्त केला. १८१४ मध्ये तरुण एडवर्ड कोल्सने पुढाकार घेण्याची गळ घातली, तेव्हा जेफरसनने वयाचे कारण पुढे केले.

‘पण मालक दयाळू होता.’ मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केले. त्यांतला एक लोहार जोसेफ फॉसेट. त्याची बायको ईडिथ या घराची मुख्य स्वयंपाकीण, राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली तयार झालेली. कर्ज फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला, त्यात ईडिथ आणि मुलेही होती. अकरा वर्षांचा पीटर परक्या मालकाकडे गेला. ही दया कुणाच्या कामी आली?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मराठी माणसाने तरी गाइडला गप्प बसवू नये. उलट त्याच्याकडे जास्त मागावे. घराआधी मलबेरी रो या कामगारवस्तीत न्या म्हणावे, दहा ते सोळा वर्षांची मुले जिथे खिळे घडवीत ती जागा दाखवा, आणि त्यांतल्या ज्यांची नावे हाती आहेत ती सगळी सांगा.