ब्लोअर मध्येच बंद पडतो तेव्हा

शेंद्र्याला मोटारगाडीचे नवल नाही. २००१ साली इथल्या औद्योगिक वसाहतीत स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. पण जी जुनी गाडी कामगारांना पाळीवर नेते-आणते, जिच्यावर घरची चूल पेटते, ती बिघडली की आपण गोंधळतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘मोटर गेली, बदला.’ आपण पैसे मोजतो. आठ दिवसांनी ब्लोअर पुन्हा बंद!

वाचक बंधू-भगिनींनो, मराठवाड्यात हिटर कशाला हवा, असे कुणी म्हणेल. पण हिटर असो की एसी, हवा ढकलणारा ब्लोअर एकच. हिवाळ्यातल्या पहाटे जालना रोडवर भरलेल्या गाडीत माणसांच्या श्वासाने पुढची काच आतून धुरकट होते. ती साफ ठेवणारी हवा ब्लोअरच देतो. तो ऐनवेळी थांबला तर समोरची ट्रॉली दिसत नाही. ही चैनीची नव्हे, जिवाची बाब आहे.

कचेरीत तेरीज जुळली नाही की आम्ही सगळ्या वह्या नव्याने लिहीत नाही. हिशेब कोणत्या पानापर्यंत बरोबर आहे, ते आधी पाहतो. इथेही तेच करावे. वीज बॅटरीतून निघते. फ्यूज, रिले, स्विच, रेझिस्टर, मोटर असा प्रवास करून बॉडीच्या अर्थला मिळते. काही गाड्यांत क्रम थोडा वेगळा असतो. दोष या वाटेवर कुठेतरी असतोच.

प्रथम वहीत नोंद ठेवा. ब्लोअर किती मिनिटांनी थांबला? कितव्या नंबरवर? खड्ड्यात आदळल्यावर पुन्हा सुरू झाला का? या नोंदी अर्धे निदान करतात.

फक्त शेवटच्या, जोराच्या नंबरवरच चालत असेल, तर बहुधा रेझिस्टर गेला. कारण त्या नंबरची वीज रेझिस्टरमधून जात नाही. सगळेच नंबर एकदम बंद-चालू होत असतील, तर फ्यूज, रिले, प्लग, अर्थ किंवा मोटर पाहावी. ब्लोअर बंद असताना मोटरच्या खोक्यावर हलकी टिचकी मारताच तो सुरू झाला, तर आतले कार्बन झिजले असण्याचा संभव मोठा. प्लग हलवताच सुरू झाला, तर दोष जोडणीत.

खरी परीक्षा मल्टीमीटरची. ब्लोअर बंद पडलेला असताना, स्विच शेवटच्या नंबरवर ठेवून, मोटरचा प्लग न काढता मागून दोन्ही पिनांवर व्होल्ट मोजा. सुमारे १२ आले आणि मोटर फिरत नाही, तर दोष मोटरचा. काहीच आले नाही, पण पॉझिटिव्ह पिन आणि बॉडी यांच्यात १२ आले, तर दोष अर्थच्या बाजूला. तिथेही नाही, तर मागे फ्यूजकडे सरका. प्लग काढून मोजू नका. कच्चा सांधासुद्धा तेव्हा पूर्ण १२ दाखवतो आणि भार येताच दगा देतो.

प्लग तपकिरी, वितळलेला दिसला तर तो नवा घालून थांबू नका. समजा, १० अँपिअर वीज जाते आणि सांध्यात १ व्होल्ट पडतो. मग त्या इवल्याशा पिनेत १० वॅट उष्णता साठते. मोटर जड फिरत असेल तर वीज जास्त ओढते आणि नवा प्लगही जळतो. कडुनिंबाचा पाला, उंदराचे घरटे किंवा धुळीने भरलेला फिल्टर हवा अडवतो. मग हवेवर थंड होणारा रेझिस्टर तापून मरतो. ही सफाई घरीही होते.

दोन पथ्ये पाळा. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज किंवा तार घालू नका; गाडी पेट घेईल. पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. तिथे जाणकारच हवा.

मीटर धरायला मुलाबरोबर मुलीलाही बसवा. आणि मोटरचे पैसे देण्याआधी गॅरेजवाल्याला एकच प्रश्न नम्रपणे विचारा : ‘ब्लोअर बंद असताना प्लगवर किती व्होल्ट आले?’ उत्तर नसेल, तर तपासणी झालेली नाही असे समजावे.